धुलाईयंत्र का नाचते?

कपडे धुण्याचे यंत्र आता पुष्कळ घरांत असते. धुणे संपत आले, की यंत्रातले भोकाभोकांचे पिंप वेगाने फिरू लागते आणि कपड्यांतले पाणी निघून जाते. एरवी हे काम मुकाट्याने चालते. पण एखाद्या दिवशी ‘धाड्, धाड्’ असा आवाज येऊ लागतो आणि यंत्र चक्क जागेवरून सरकू लागते! कोणीतरी धावत जाऊन बटण बंद करते. “यंत्र बिघडले,” असे म्हणून कारागिराला निरोप जातो. पुष्कळदा यंत्रात बिघाड काहीच नसतो. बिघडलेला असतो तो तोल.

हे कसे, ते एका साध्या प्रयोगाने पाहू या. पत्र्याचा एक रिकामा डबा घ्या. मोठ्या माणसांच्या मदतीने त्याच्या भिंतीला खिळ्याने सगळीकडे भोके पाडा. काठाला सारख्या अंतरावर तीन दोऱ्या बांधा आणि त्या वर एका जाड सुतळीला जोडून डबा न्हाणीघरात टांगा. ओला रुमाल डब्याच्या भिंतीला सगळीकडून सारखा चिकटवून ठेवा. आता सुतळीला चाळीस-पन्नास पीळ द्या आणि डबा सोडा. डबा गरगर फिरेल आणि भोकांतून पाण्याचे थेंब बाहेर उडतील.

थेंब का उडतात बरे? फिरणारी प्रत्येक वस्तू क्षणोक्षणी सरळ रेषेत निघून जाऊ पाहते. तिला वर्तुळात ठेवण्यासाठी कोणीतरी सतत केंद्राकडे ढकलावे लागते. रुमालाला हा रेटा डब्याची भिंत देते. भोकापाशी मात्र भिंतच नाही! तिथला थेंब सरळ निसटतो. म्हणजे यंत्र पाणी पिळून काढत नाही. ते कपड्यांना अडवते आणि पाण्याला जाऊ देते.

आता हा रेटा किती असतो, त्याचा हिशेब करू. समजा, पिंपाची त्रिज्या २४ सेंटिमीटर आहे आणि ते मिनिटाला १००० फेरे घेते. म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ फेरे झाले. तुमच्या पुस्तकातले वर्तुळाकार गतीचे सूत्र वापरले, तर कडेच्या कपड्याचे त्वरण गुरुत्व त्वरणाच्या सुमारे २६८ पट येते. कपडे इतके कोरडे का निघतात, ते आता कळले ना?

पण याच आकड्यात धिंगाण्याचे कारण दडलेले आहे. मोठी चादर एकटीच यंत्रात टाकली, तर तिचा बोळा होऊन एका बाजूला बसतो. समजा, त्या बाजूला फक्त अर्धा किलो वजन जास्त झाले. पिंपाचा आस जागच्या जागी घट्ट धरून ठेवायचा म्हटले, तर ह्या अर्ध्या किलोसाठी सुमारे १३४ किलो वजनाइतके बल लागेल. पन्नास किलोच्या सिमेंटच्या अडीच गोण्यांहून जास्त! शिवाय हे बल सेकंदाला १७ वेळा दिशा बदलत गरगर फिरते. मग यंत्र नाचेल नाही तर काय करील? प्रयोगातल्या रुमालात एक खडा गुंडाळून तो डब्यात एका बाजूला ठेवा आणि पुन्हा पीळ सोडा. डबा कसा हेलकावे खातो, ते पाहा.

यंत्र बनवणाऱ्यांनी ह्याचा विचार केलेलाच असतो. समोरून दार असलेल्या यंत्रात पिंपाभोवतीची टाकी स्प्रिंगांवर टांगलेली असते, खाली धक्के शोषणारे दांडे असतात, आणि टाकीला बहुधा काँक्रीटचा जड ठोकळा बांधलेला असतो! टाकी जड असली, की तेवढ्याच बलाने ती कमी हलते. तोल फारच गेला, तर नवी यंत्रे स्वतःच वेग कमी करून कपडे पुन्हा पसरवून पाहतात.

बाकीचे काम आपले. अशी यंत्रे वाहतुकीत हादरू नयेत, म्हणून टाकी मागच्या बाजूने बोल्टांनी जखडलेली असते. यंत्र पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी हे बोल्ट काढायलाच हवेत. नाहीतर स्प्रिंगा निरुपयोगी ठरतात आणि सगळे धक्के सांगाड्याला बसतात. यंत्र चारही पायांवर सारखे टेकले आहे का, हे गवंड्याच्या पाणसळीने तपासावे. पाय फिरवून उंची कमीजास्त करता येते. चादरीबरोबर चार लहान कपडे टाकावेत. दोन टाक्यांच्या यंत्रात पिळायच्या भागात कपडे सगळीकडून सारखे दाबून बसवावेत आणि वर आतली चकती ठेवावी.

पाण्याची वाटही मोकळी हवी. धुण्याची पूड जास्त घातली, की फेस माजतो आणि पाणी नीट निघत नाही. खिशातले नाणे, बटण, धागे गाळणीत अडकले, तरी पाणी तुंबते. पाणी आतच राहिले, तर पिंप पुरेसा वेग घेत नाही. म्हणून गाळणी अधूनमधून धुवावी. त्यापूर्वी विजेचा प्लग काढावा आणि आतले पाणी गरम असेल तर निवू द्यावे.

तोल गेलेले यंत्र “चालते आहे ना,” म्हणून तसेच चालू ठेवू नका. प्रत्येक फेऱ्याचा धक्का बेअरिंगला बसतो आणि ते लवकर झिजते. बटण बंद करा, पिंप थांबू द्या आणि कपडे पुन्हा पसरा. मात्र पिंप पूर्ण थांबेपर्यंत हात आत घालू नका. वीज बंद झाली तरी पिंप काही वेळ फिरतच असते, आणि फिरत्या कपड्यात सापडलेला हात क्षणात पिरगळला जातो. धाकट्या भावंडांनाही हे बजावून ठेवा.

आता जाता जाता एक हिशेब तुमच्यासाठी. नाजूक कपड्यांसाठी यंत्राचा वेग मिनिटाला ५०० फेरे ठेवला, तर त्या अर्ध्या किलोसाठी किती बल लागेल? निम्मे, असे म्हणण्याची घाई करू नका. सूत्रात वेगाचा वर्ग आहे!