चौकातला शिपाई आणि आपण

मलाबादे चौक जवळ येऊ लागला की आपल्या गावातील दुचाकीस्वारांच्या अंगी एक चमत्कारिक शहाणपण संचारते. आरशाला टांगलेले हेल्मेट डोक्यावर चढते, कानाशी धरलेला मोबाइल खिशात जातो, आणि मागे बसलेल्या दोघांपैकी एक जण हळूच उतरून पायी चालू लागतो. चौकात शिपाई नाही असे दिसले तर हे शहाणपण आले तसेच जाते. दुसऱ्याचे उणे काढण्यासाठी हे लिहीत नाही. आम्हीही याच मंडळींतले. आमचे स्वतःचे हेल्मेटदेखील कित्येक वर्षे शिपायाला दाखविण्यापुरतेच होते. प्रश्न असा की, जो नियम आपलाच जीव वाचवितो तो पाळावयास शिपाई समोर का असावा लागतो? आणि आपल्या पाठीमागेही तो पाळला जावा म्हणून शिपायाला काय करता येते?

हा प्रश्न केवळ गमतीचा नव्हे. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. २०११ च्या जनगणनेत आपल्या गावची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या थोडी वर होती. म्हणजे एका वर्षात निम्म्याहून अधिक इचलकरंजी रस्त्यावर संपली असे समजावे. या मृतांपैकी ५०,०२९ जण हेल्मेट न घातलेले दुचाकीवरचे होते. त्यांत चालविणारे होते, तसेच मागे बसलेलेही होते.

यावर सरकारला पहिला उपाय सुचतो तो दंड वाढविण्याचा. मोटारवाहनांचा कायदा आपल्याकडे १९१४ पासून आहे. १९३९ व १९८८ साली त्याने नवे अवतार घेतले आणि १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने दंडाच्या रकमा एकदम कितीतरी पटींनी वाढल्या. परवान्यावाचून गाडी चालविल्यास ५,००० रुपये; दारू पिऊन चालविल्यास पहिल्याच खेपेस १०,००० रुपयांपर्यंत. महाराष्ट्रात मोठी ओरड झाली. तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी केंद्र सरकारला फेरविचाराची विनंती केली, आणि वाढीव दर राज्यात लागू व्हावयास २०२१ चा डिसेंबर उजाडला.

परंतु मोठ्या दंडाने माणूस मोठ्या प्रमाणात सुधारतो हा समज फार जुना असला तरी खरा नव्हे. इटलीतील बेकारिया या विचारवंताने १७६४ सालीच असे प्रतिपादन केले होते की, शिक्षेचा धाक तिच्या कठोरपणापेक्षा तिच्या अटळपणात असतो. हिशेब सोपा आहे. दंड हजार रुपये आणि पकडले जाण्याचा संभव हजारांत एक, तर चालकाच्या मनात तो दंड एका रुपयाचाच. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात १९८२ च्या डिसेंबरात पोलिसांनी, संशय असो वा नसो, वाटेल त्या चालकाला थांबवून त्याचा श्वास तपासण्यास प्रारंभ केला. रस्त्यावरील मृत्यू झपाट्याने घटले. त्यात मनुष्यस्वभावाची एक गंमतही होती. मित्रांनी आग्रह केला तर ‘नको रे, वाटेत पोलीस तपासतील’ असे म्हणण्याची सबब लोकांना मिळाली. नको म्हणावयाचे अनेकांच्या मनात असतेच. पोलिसाने फक्त त्यांची लाज राखली.

आपल्याकडे हा अटळपणा ई-चलनाने यावा अशी अपेक्षा होती. २०१६ साली मुंबईत सुरू झालेली ही पद्धत पुढे राज्यभर आली. गाडीच्या क्रमांकाचे छायाचित्र निघते आणि मालकाच्या मोबाइलवर दंडाचा निरोप येतो. चौकातील वादावादी व रोख पैशांची देवघेव यामुळे कमी झाली, हा लाभ लहान नव्हे. पण निरोप पुष्कळदा अशा वेळी वाचला जातो की, आपण नेमके कोठे काय केले हे माणूस विसरून गेलेला असतो. दिवाळीतल्या खोडीबद्दल मुलाला शिमग्याला चापट मारावी तसा हा प्रकार! शिवाय थकलेली चलने लोकअदालतीत तडजोडीने मिटतात हे कळले की, वेळेवर पैसे भरणारा गृहस्थ स्वतःलाच वेड्यात काढू लागतो.

याउलट मुंबई पोलिसांचा एक प्रयोग पाहण्यासारखा आहे. २०१९ च्या अखेरीस त्यांनी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मरीन ड्राइव्ह, पेडर रोड अशा काही ठिकाणच्या सिग्नलला आवाज मोजणारे यंत्र जोडले. हॉर्नचा कलकलाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजले जात. जितका आरडाओरडा अधिक, तितकी प्रतीक्षा अधिक. त्याची चित्रफीत २०२० च्या जानेवारीत देशभर पाहिली गेली व लोक पोटभर हसले. या शिक्षेत पैसा नव्हता, पावती नव्हती, आणि दिव्याला काही वशिला लावता येत नाही. गप्प बसलेल्यालाही गोंगाट करणाऱ्याची शिक्षा भोगावी लागे हा तिच्यातला अन्याय खरा. पण त्यामुळेच, शेजाऱ्याला ‘अहो, पुरे करा’ म्हणण्याचे काम पोलिसाकडून आपल्याकडे आले, हेही तितकेच खरे.

पुण्याची कथा निराळी. १ जानेवारी २०१९ पासून तेथे हेल्मेटसक्ती कडकपणे सुरू झाली आणि पुणेकरांनी आपल्या लौकिकास अनुसरून तिच्याविरुद्ध आंदोलन केले. त्याच वर्षी जूनमध्ये तेथील वाहतूक पोलिसांनी ‘आभार योजना’ काढली. ज्याची कागदपत्रे ठीक आहेत, जो नियमाने चालला आहे आणि ज्याच्यावर जुना दंड थकलेला नाही, अशा चालकाला थांबवून त्याचे आभार मानावयाचे व दुकानांत १० टक्के सवलत देणारे कूपन द्यावयाचे. कोणी म्हणेल, कर्तव्याबद्दल बक्षीस कशाला? शंका रास्त आहे. कूपनासाठी नियम पाळणारा कूपन बंद होताच नियमही बंद करील. स्टॉकहोममध्ये २०१० साली वेगमर्यादा पाळणाऱ्यांची सोडत काढून दंडाच्या पैशांतून बक्षीस दिले, तेव्हा त्या जागी सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरांवरून २५ वर आला. पण ते होते काही दिवसांचे प्रात्यक्षिक. आभार योजनेचे मोल आम्हांला सवलतीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीत वाटते. पोलिसाने शिट्टी मारून बाजूला घेतले म्हणजे आपला काहीतरी गुन्हा असणारच, ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत त्या एका ‘धन्यवाद’ने क्षणभर तरी ढळते.

आणि सगळे येथेच अडते. टॉम टायलर या अमेरिकन अभ्यासकाने शिकागोतील नागरिकांना विचारपूस करून १९९० साली एक ग्रंथ लिहिला. माणूस कायदा का पाळतो, हा त्याचा विषय. धाकापेक्षा अधिक वजन त्याला या गोष्टीत आढळले की, अधिकारी आपल्याशी न्यायाने व सन्मानाने वागतो असे माणसाला वाटते की नाही. आपल्या चौकात हा ग्रंथ रोज सिद्ध होतो. चार कामगारांना अडविलेले असते, पाचवा खिशातून फोन काढून ‘जरा साहेबांशी बोला’ म्हणतो आणि निघून जातो. उरलेले चौघे दंड भरतात खरे, पण नियमाबद्दलचा आदर त्या पाचव्याबरोबर निघून गेलेला असतो. खाकी वर्दीतला स्वार उघड्या डोक्याने दिसला तर दहा व्याख्यानांचे पाणी होते. मात्र दोष एकट्या पोलिसाच्या माथी मारून चालणार नाही. तो फोन लावणारा आपल्याच गल्लीतला असतो, आणि पलीकडून उचलणाराही आपणच निवडून दिलेला.

आता आपल्या गावाकडे पाहू. येथे पाळी सुटली की सायकली, मोपेड, सुताची बाचकी लादलेले टेम्पो आणि बीम वाहणाऱ्या गाड्या एकाच वेळी रस्त्यावर येतात. बारा तास मागावर उभ्या राहिलेल्या माणसाला वेगमर्यादेचे कलम वाचून दाखविण्यात अर्थ नाही. त्याला घर गाठायचे असते. अशा ठिकाणी नियम पाळणे सोपे करून देणे हेच पोलिसाचे मोठे काम. ऊस गाळपाच्या हंगामात याचा उत्तम नमुना पाहावयास मिळतो. ट्रॅक्टरमागे जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या रात्री दिव्यावाचून चालतात, किंवा चाक फुटून रस्त्याच्या कडेला उभ्या राहतात. मागून येणाऱ्याला ती उसाची भिंत धडकेपर्यंत दिसत नाही. चालक बहुधा परगावचा, टोळीबरोबर आलेला; त्याच्याकडून दंड घ्यावा तर गाडी अडते, ऊस वाळतो, आणि पट्टी लागत नाही ती नाहीच. म्हणून आपल्या भागात पोलीस व परिवहन खात्याची माणसे कारखान्याच्या आवारात जाऊन स्वतःच्या हातांनी त्या ट्रॉल्यांना चमकणाऱ्या पट्ट्या चिकटवितात आणि चालकांना चार शब्द सांगतात. फुलाचा गुच्छ देऊन काढलेल्या छायाचित्रापेक्षा या दोन रुपयांच्या कामाला आम्ही अधिक मान देतो.

मुलांच्या बाबतीत मात्र अजून आपण मागे आहोत. शाळांतून रस्ता सुरक्षा दलाची मुले शिट्टी घेऊन उभी राहतात, बापाला हेल्मेट घालावयास लावतात. आणि त्याच वर्गातला एखादा नववीतला मुलगा शिकवणीला मोटारसायकलवर येतो. २०१९ च्या दुरुस्तीने अशा मुलाच्या पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड सांगितला आहे, गाडीची नोंदणीही १२ महिने रद्द होते. तरी किल्ली कौतुकाने देतो तो बापच. तेथे चौकातला शिपाई पोहोचत नाही.

हंगामात रात्री कबनूरच्या बाजूने गावात येताना पुढे अंधारात एकाएकी लाल पट्टी चमकते. त्याच्या मागे ट्रॉली आहे हे डोळ्यांना कळण्याआधीच आपला पाय ब्रेकवर गेलेला असतो. पट्टी लावणारा शिपाई तेव्हा घरी झोपलेला असतो.