शाहीर अमर शेख

शाहीर अमर शेख (मूळ नाव : मेहबूब हुसेन पटेल, जन्म : बार्शी, २० ऑक्टोबर १९१६, मृत्यू : इंदापूरजवळ, २९ ऑगस्ट १९६९) हे मराठी शाहीर, लोकगायक, कवी आणि अभिनेते होते. कामगार चळवळ, गोवा मुक्ती आंदोलन आणि संयुक्त महाराष्ट्राचा लढा यांत त्यांच्या पहाडी आवाजाने फार मोठा जनसमुदाय जागृत केला. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह उभे केलेले 'लाल बावटा कलापथक' हे त्यांचे सर्वात महत्त्वाचे कार्य मानले जाते. रशियन क्रांतीच्या काळात जनसमुदायासमोर कविता म्हणणारा व्लादिमिर मायकोव्हस्की (१८९३–१९३०) लक्षात घेऊन आचार्य अत्रे यांनी त्यांना 'महाराष्ट्राचा मायकोव्हस्की' म्हटले होते.

शाहिरी परंपरेची पार्श्वभूमी

अमर शेखांचे वेगळेपण समजण्यासाठी त्यांच्या आधीची शाहिरी थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. अफजलखानाच्या वधावरील अज्ञानदासाचा आणि सिंहगडावरील तुळशीदासाचा हे पोवाडे शिवकाळातील मानले जातात. पेशवाईच्या उत्तरार्धात राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, प्रभाकर, परशराम आणि सगनभाऊ यांनी पोवाडा व लावणी या दोन्ही प्रकारांना बहर आणला. यांपैकी सगनभाऊ हे मुसलमान होते. मराठी शाहिरीचा फड धर्माने बांधलेला नव्हता, याची ही जुनी साक्ष आहे. या शाहिरांचा मुख्य आधार मात्र राजे, सरदार आणि धनिक यांचा आश्रय हाच होता, त्यामुळे पराक्रमाची स्तुती हा पोवाड्याचा स्वाभाविक विषय ठरला.

महात्मा फुले यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहून या प्रकाराला नवी दिशा दिली. पुढे सत्यशोधक जलसे आणि त्यानंतर आंबेडकरी जलसे यांनी गीत आणि संवाद यांच्या आधारे समाजप्रबोधन केले. आश्रयदात्याची जागा आता श्रोत्यांच्या समुदायाने घेतली होती. अमर शेखांची शाहिरी याच मार्गावरचा पुढचा टप्पा आहे.

बालपण आणि जडणघडण

बार्शी हे सोलापूर जिल्ह्यातील व्यापारी गाव. निजामाच्या हद्दीला लागून असल्यामुळे मराठवाड्याचा माल येथील पेठेत उतरत असे, आणि कापडगिरण्यांमुळे गावात कामगारवस्तीही होती. अशा गावात एका गरीब मुसलमान कुटुंबात मेहबूब यांचा जन्म झाला. आईच्या तोंडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या आणि लोकगीते हा त्यांच्या गाण्याचा पहिला संस्कार होता. पोटासाठी त्यांनी पाणक्याचे काम केले, मोटारीवर क्लीनर म्हणून ते राबले आणि नंतर गिरणीत कामगार झाले.

गिरणी कामगारांच्या संपातील सहभागामुळे त्यांना विसापूरच्या तुरुंगात जावे लागले. तेथे साम्यवादी कार्यकर्त्यांशी त्यांचा संबंध आला आणि त्यांच्या विचारांना निश्चित दिशा मिळाली. पुढे काही काळ ते कोल्हापूरला मास्टर विनायक यांच्या चित्रसंस्थेत होते. 'अमर शेख' हे नाव त्यांना त्याच काळात मिळाले. त्यांच्या पुढील गाण्यांत कष्टकऱ्यांचे जे जीवन येते, ते त्यांनी आधी स्वतः जगलेले होते.

लाल बावटा कलापथक

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतातील डाव्या चळवळीने कलेकडे लोकशिक्षणाचे साधन म्हणून पाहिले. १९४३ मध्ये मुंबईत भारतीय जननाट्य संघ, म्हणजेच इप्टा, स्थापन झाला. याच वातावरणात १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे राहिले. अण्णा भाऊ साठे हे मातंग समाजातील, अमर शेख मुसलमान आणि गव्हाणकर हे तिसरे सहकारी. तिघांच्या एकत्र येण्याने मुंबईच्या कामगारवस्तीला स्वतःचा रंगमंच मिळाला.

कलापथकाच्या गाण्यांचे विषय चाळीच्या दारापासून थेट रशियापर्यंत पसरलेले होते. अण्णा भाऊंनी स्टालिनग्राडच्या लढ्यावर पोवाडा रचला. बंगालचा दुष्काळ आणि फाळणीच्या वेळचे पंजाब-दिल्लीतील दंगे हेही त्यांच्या रचनांचे विषय झाले. दूरच्या लढाईची बातमी डफाच्या तालावर आणि आपल्याच बोलीत ऐकायला मिळाल्यामुळे वर्तमानपत्र वाचू न शकणाऱ्या श्रोत्यालाही जगाच्या घडामोडींशी आपला संबंध जोडता आला. रशियाविषयीची कामगारांची आपुलकी या काळात अशा गाण्यांतूनही वाढली.

कलापथकाने तमाशाच्या जुन्या घाटातही बदल केला. परंपरेने तमाशाची सुरुवात गणाने होते, त्यानंतर गवळण येते आणि शेवटी वग सादर होतो. अण्णा भाऊंनी गणात गणपतीच्या स्तवनाऐवजी मातृभूमी, हुतात्मे आणि कष्टकरी यांना वंदन केले, गवळण वगळली आणि वगातून सावकारी, निवडणुका, काळाबाजार असे समकालीन विषय मांडले. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन' ही या प्रकारची वगनाट्ये आहेत. पुढे रूढ झालेल्या 'लोकनाट्य' या प्रकाराच्या जडणघडणीत या प्रयोगांचा मोठा वाटा आहे.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. ज्या गाण्याची सत्तेला दखल घ्यावी लागते, त्याचा प्रभाव वेगळा सांगावा लागत नाही.

गायनाची वैशिष्ट्ये

पोवाड्याच्या सादरीकरणात मुख्य शाहीर कथन करतो आणि मागचे झीलकरी त्याची ओळ उचलून धरतात. डफ, तुणतुणे आणि झांज ही त्याची वाद्ये. मैदानी सभेत हजारोंचा जमाव असे आणि ध्वनिवर्धक अनेकदा अपुरा पडे. अशा ठिकाणी आवाज लांबवर पोहोचणे, प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू येणे आणि श्रोत्यांचे लक्ष अखेरपर्यंत टिकवणे ही तीन कामे शाहिराला एकाच वेळी करावी लागतात. उंच पट्टीत सहज फिरणारा आवाज, खणखणीत शब्दोच्चार आणि गाण्याबरोबर चालणारा अभिनय यांमुळे अमर शेखांना ती साधली. स्वतःच्या रचनांप्रमाणेच इतरांचे काव्यही त्यांनी लोकांपर्यंत नेले. शब्द अण्णा भाऊंचा आणि आवाज अमर शेखांचा, असा योग अनेकदा जुळून आला.

संयुक्त महाराष्ट्राचा लढा

मुंबईसह मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे, या मागणीसाठी झालेल्या लढ्यात शंभरावर माणसे हुतात्मा झाली. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली. समितीच्या सभांमध्ये आचार्य अत्रे, एस. एम. जोशी, कॉम्रेड डांगे यांची भाषणे असत, तसेच अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गव्हाणकर आणि आत्माराम पाटील यांची शाहिरीही असे. भाषणापूर्वी समुदाय जमवणे आणि त्याला एका भावनेत बांधणे हे काम शाहिरांनी केले.

या काळातील सर्वात गाजलेली रचना म्हणजे अण्णा भाऊंची 'माझी मैना' ही छक्कड. पोटासाठी मुंबईला आलेला कामगार गावी राहिलेल्या पत्नीच्या आठवणीने व्याकूळ होतो, हा तिचा वरवरचा विषय आहे. परंतु गाणे पुढे सरकते तशी ही ताटातूट मराठी मुलखाच्या ताटातुटीचे रूप घेते. राजकीय मागणीला घरातल्या दुःखाची भाषा मिळाल्यामुळे ती ज्याला त्याला आपली वाटली.

मराठवाड्याचा मार्ग यात थोडा निराळा होता. आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा परभणी जिल्ह्याचा भाग होता आणि १९५६ पर्यंत हा सारा प्रदेश हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात समितीला मोठे यश मिळाले. मराठवाडा आणि विदर्भ येथे मात्र काँग्रेसचे वर्चस्व राहिले. अखेर १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. १ मे हा कामगार दिन आहे. कामगारांच्या फडातून पुढे आलेल्या शाहिरांच्या दृष्टीने हा योग अर्थपूर्ण होता.

१९६२ नंतर

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने भारतावर मोठे आक्रमण केले. त्या दिवशी अमर शेखांना ४६ वर्षे पूर्ण होत होती. साम्यवादी पक्षात या प्रश्नावर तीव्र मतभेद झाले आणि १९६४ मध्ये पक्ष दुभंगला. अमर शेखांनी हिमालयाच्या रक्षणाचे आवाहन करणारी गीते गायली आणि संरक्षण निधीसाठी कार्यक्रम केले. ज्या विचाराने त्यांना घडवले, त्याच विचाराच्या एका मोठ्या देशाविरुद्ध त्यांना गावे लागले. त्यांची निष्ठा आधी येथल्या माणसाशी होती, हे या प्रसंगी स्पष्ट झाले. केवळ पक्षाचा प्रचारक म्हणून त्यांचे मूल्यमापन करणे त्यामुळे अपुरे ठरते.

काव्य आणि अभिनय

'कलश' (१९५८) आणि 'धरतीमाता' (१९६३) हे अमर शेखांचे काव्यसंग्रह आहेत. 'अमरगीत' हा गीतसंग्रह आणि 'पहिला बळी' हे नाटकही त्यांच्या नावावर आहे. त्यांची कविता मुख्यतः ऐकण्यासाठी घडलेली असल्याने छापील पानावर तिचे पूर्ण सामर्थ्य प्रकट होत नाही. जोरकस लय, पुनरावृत्ती आणि थेट संबोधन हे तिचे विशेष मैदानातील श्रोत्याच्या गरजेतून आलेले आहेत. तथापि 'कलश'सारख्या संग्रहातून त्यांची अधिक अंतर्मुख बाजूही दिसते. आचार्य अत्रे यांच्या 'महात्मा फुले' (१९५४) या चित्रपटात, तसेच 'प्रपंच' (१९६१) या चित्रपटात त्यांनी भूमिका केल्या.

मृत्यू आणि वारसा

२९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ झालेल्या मोटार अपघातात अमर शेखांचे निधन झाले. तेव्हा ते ५२ वर्षांचे होते. जवळचे सहकारी अण्णा भाऊ साठे त्याच वर्षी १८ जुलैला वारले होते. अवघ्या सहा आठवड्यांत महाराष्ट्राने आपले दोन मोठे लोकशाहीर गमावले.

त्यांच्या कन्या मल्लिका अमर शेख या मराठीतील महत्त्वाच्या कवयित्री आहेत. 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध आहे. मुंबई विद्यापीठात अमर शेखांच्या नावाचे अध्यासन आहे.

शाहिराची कला गाण्याच्या क्षणाशी बांधलेली असते. शब्द पुस्तकात राहतात, परंतु आवाज, अभिनय आणि समोरच्या समुदायाचा प्रतिसाद त्या सभेबरोबरच संपतो. असे असूनही निवडणुकीच्या सभेपासून ग्रामस्वच्छतेच्या मोहिमेपर्यंत आज महाराष्ट्रात कलापथक ज्या रीतीने लोकांसमोर उभे राहते, तिच्या घडणीत अमर शेख आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा वाटा मोठा आहे. पराक्रमी पुरुषाची स्तुती करणारा पोवाडा राबणाऱ्या माणसाचे मनोगत होऊ शकतो, हे त्यांनी गाऊन सिद्ध केले.