सातशे मिनिटांत दोन गोल

ऑलिंपिकचे 10 सामने, 3 सुवर्णपदकं आणि खाल्लेले गोल फक्त 2! हा हिशेब रिचर्ड अ‍ॅलन या भारतीय हॉकी गोलकीपरचा. त्याचा जन्म 1902 सालचा, नागपूरचा. म्हणजे आपल्या दर्यापूरहून अमरावतीमार्गे गेलं तर साधारण दोनशे किलोमीटरवरचा हा माणूस.

1928 च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारत पाच सामने खेळला. 29 गोल केले, एकही खाल्ला नाही. त्या स्पर्धेतले ध्यानचंदांचे 14 गोल अनेकांना पाठ असतात. अ‍ॅलनचं शून्य कुणी सांगत नाही, आणि मला ते 14 इतकंच मोठं वाटतं. 1932 मध्ये लॉस एंजेलिसला अमेरिकेवर 24-1 असा विजय मिळाला. तो एक गोल झाला तेव्हा अ‍ॅलन चाहत्यांना सह्या देत होता, असं सांगतात. दुसरा गोल 1936 चा, बर्लिनच्या अंतिम सामन्यातला. तिथे भारताने जर्मनीला 8-1 असं हरवलं.

70 मिनिटांचा एक सामना धरला, तर 10 सामन्यांची 700 मिनिटं होतात. म्हणजे 350 मिनिटांमागे एक गोल. आजच्या 60 मिनिटांच्या खेळात बसवायचं, तर जवळपास सहा सामन्यांत एक! प्रतिस्पर्धी दुबळे होते हे खरं. पण तासभर चेंडू फिरकत नाही आणि मग एकदम अंगावर येतो, तेव्हा जागं असणं फार अवघड. शिवाय डोक्यावर हेल्मेट नव्हतं.

आजचं गणित तर आणखी चक्रावणारं आहे. गोलची चौकट 3.66 मीटर रुंद, 2.14 मीटर उंच. राखायची जागा पावणेआठ चौरस मीटरहून थोडी जास्तच. पेनल्टी कॉर्नरला साधारण 15 मीटरवरून ताशी 120 किलोमीटरने आलेला चेंडू 0.45 सेकंदात पोहोचतो. त्यातले सुमारे 0.2 सेकंद डोळ्याने पाहून मेंदूने ठरवण्यातच जातात. उरलेल्या पाव सेकंदात अख्खं शरीर हलवायचं.

हे आपल्या वऱ्हाडातल्या पोराने करून दाखवलंय. यवतमाळचा आकाश चिकटे. दर्यापूर-बनोसा आणि यवतमाळ, दोन्ही गावं शकुंतला रेल्वेच्याच मार्गावरची. 2017 च्या डिसेंबरमध्ये भुवनेश्वरला हॉकी वर्ल्ड लीगच्या उपांत्यपूर्व सामन्यात रिओ ऑलिंपिकचा उपविजेता बेल्जियम समोर होता. 3-3 अशी बरोबरी झाली आणि शूटआउट आला. यात खेळाडू 23 मीटरवरून एकटा चेंडू घेऊन येतो, त्याला 8 सेकंद मिळतात, आणि समोर फक्त गोलकीपर असतो. चिकटे भिंतीसारखा उभा राहिला आणि भारत 3-2 ने जिंकला. पुढे जर्मनीला हरवून भारताने कांस्यपदकही मिळवलं.

दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूरच्या क्रीडाशिक्षकांना एकच विनंती आहे. संघ निवडून झाल्यावर उरलेल्या पोराला गोलात उभं करू नका. सगळ्यांत चपळ पोरगा किंवा पोरगी आधी गोलसाठी निवडा, मग बाकीचे दहा.