तुमच्याच भल्यासाठी

१४ फेब्रुवारी १९८९. पर्रा गावातल्या डिसूझांच्या घरी पोलिस आला आणि डॉमिनिकला म्हापसा पोलिस स्थानकावर बोलावलंय, एवढंच सांगून गेला. कशासाठी, ते सांगितलं नाही. डॉमिनिक डिसूझा नोकरदार तरुण. नाटकवेड्या मित्रमंडळींत वावरणारा, नियमित रक्तदान करणारा. स्थानकावरून त्याला आझिलो इस्पितळात नेलं. तिथल्या रजिस्टरवर 'एड्स' हा शब्द दिसला तेव्हा आपल्याला कशासाठी आणलंय हे त्याला उमगलं. दान केलेल्या रक्तात एचआयव्ही सापडला होता. ही गोष्ट यंत्रणेला कळली, पोलिसांना कळली, सर्वांत शेवटी त्याला कळली. तिथून त्याची रवानगी झाली क्षयरोग्यांसाठी बांधलेल्या आणि पुढे ओस पडलेल्या एका इमारतीत. दाराशी पहारा. असे चौसष्ट दिवस.

हे कायद्याला धरून होतं. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या कलम ५३ मध्ये दुरुस्ती करून एचआयव्हीबाधितांना वेगळं ठेवण्याचा अधिकार सरकारने घेतला होता. डॉमिनिकच्या आईने, लुसी डिसूझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाकडे दाद मागितली. वकील होते आनंद ग्रोव्हर. मुलगा सुटला, पण कायदा टिकला. समाजाच्या आरोग्यापुढे एकट्यादुकट्याचं स्वातंत्र्य मागे सरतं, असा एकंदर सूर न्यायालयाने लावला. डॉमिनिक समलिंगी होता. पकडण्यासाठी ते कारण नव्हतं. पण गावगप्पांना तेवढं पुरलं, आणि नोकरीही गेली. १९९२ साली त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली आणि त्याच वर्षी तो वारला. २००५ मध्ये आलेला 'माय ब्रदर निखिल' हा हिंदी चित्रपट त्याच्याच आयुष्यावर बेतलेला. चित्रपट पाहून डोळे पुसणाऱ्या कितीतरी म्हापसेकरांना निखिल आपल्याच भागातला, हे ठाऊक नसतं.

ही जुनी गोष्ट आज काढायचं कारण वेगळं आहे. जगभर सध्या 'अँटी-जेंडर' नावाने ओळखली जाणारी एक चळवळ जोरात आहे. आपल्याकडे ती त्या नावाने येत नाही, म्हणून ती नाहीच असं आपण समजून चालतो.

जेंडरला मराठीत स्त्रीवाद्यांनी 'लिंगभाव' असा नेटका शब्द घडवला. शरीर निसर्ग देतो, पण बाईने असं वागावं, पुरुषाने तसं, हे समाज शिकवतो, एवढाच त्याचा अर्थ. १९९४ ची कैरोची लोकसंख्या परिषद आणि १९९५ ची बीजिंगची महिला परिषद, या दोन्हींच्या कागदपत्रांत हा विचार शिरला तेव्हा पहिला आक्षेप व्हॅटिकनने घेतला. मग 'जेंडर आयडियॉलॉजी' नावाचा बागुलबुवा तयार झाला आणि तो युरोपातून लॅटिन अमेरिकेत फिरला. २०१७ साली साओ पावलोत या विषयाच्या अभ्यासक ज्युडिथ बटलर यांचा पुतळा जाळण्यापर्यंत मजल गेली. २०२१ मध्ये हंगेरीने अल्पवयीनांपुढे समलैंगिकतेचं चित्रण करण्यावर बंदी घातली; २०२५ मध्ये प्राइड मिरवणुकीवरच बंदीचा कायदा केला. दोन्ही वेळी कारण दिलं ते मुलांच्या रक्षणाचं.

या चळवळीची खूण मला तिच्या क्रियापदांत सापडते. 'आम्ही द्वेष करतो' असं ती कधीच म्हणत नाही. ती वाचवते, बरं करते, स्वच्छ करते, रक्षण करते. आणि ज्यांना वाचवायचं त्यांच्यात समलिंगी, तृतीयपंथी आणि धंदा करणाऱ्या बायका एकाच रांगेत येतात, कारण तिघांच्याही बाबतीत घराच्या चौकटीबाहेरचं शरीर हेच दुखणं मानलेलं असतं. डॉमिनिकला डांबलं ते याच भाषेत. १९८९ मध्ये 'अँटी-जेंडर' हा शब्दही नव्हता, तो त्या घटनेवर चिकटवणं ओढूनताणून होईल. पण भाषा तीच.

गोव्यात तिचं पुढचं ठिकाण बायणा. वास्कोच्या किनाऱ्यावरच्या त्या वस्तीत लहान मुली विकल्या जात, हे खोटं नव्हतं. 'अर्ज'सारखी संस्था त्याविरुद्ध वर्षानुवर्षं झगडत आली आहे. पण १४ जून २००४ रोजी, ऐन पावसाच्या तोंडावर, न्यायालयाच्या आदेशाचा हवाला देत वस्तीवर बुलडोझर फिरला तेव्हा दलाल आणि बाई यांत फरक करायला कोण थांबलं? 'बायणा स्वच्छ झालं' म्हणून राज्याने सुस्कारा सोडला. धंदा काही संपला नाही. तो लॉजवर गेला, किनारपट्टीवर गेला, फोनवर गेला. मरियम शाहमनेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच परिणाम अभ्यासून २००९ मध्ये मांडला: पूर्वी एका जागी भेटणाऱ्या बायका विखुरल्या, लपून राहू लागल्या, आणि कंडोम व तपासणी घेऊन जाणाऱ्यांना त्या सापडेनात. शिवाय वस्ती होती तेव्हा बायका एकमेकींना ओळखत होत्या. गिऱ्हाईक हात उचलायला लागलं तर हाक मारायला शेजारीण होती. खोली पाडली की हाकेच्या अंतरावरचं माणूस जातं, आणि संघटना म्हणतात ती दुसरं काय असते?

मग आला जानेवारी २०१५. राज्याचं युवा धोरण जाहीर झालं आणि त्यात समलिंगी व तृतीयपंथी तरुणांचा स्वतंत्र गट म्हणून उल्लेख होता. कागदावर हे पुढचं पाऊल. पण तेच धोरण मांडताना तत्कालीन क्रीडा व युवा व्यवहार मंत्री रमेश तवडकर बोलून गेले की या तरुणांना 'नॉर्मल' करण्यासाठी दारू सोडवणाऱ्यांसारखी केंद्रं काढू, प्रशिक्षण देऊ, औषधंही देऊ. देशभर हसं झालं. मुख्यमंत्री होते पेडणे तालुक्यातल्या हरमलचे लक्ष्मीकांत पार्सेकर. मंत्री अज्ञानातून बोलले, असं सांगून त्यांनी हात झटकले. तवडकरांनीही आपल्या बोलण्याचा विपर्यास झाल्याचं म्हटलं. प्रकरण चार दिवसांत विरलं. मला त्यात द्वेष दिसला नव्हता, आजही दिसत नाही. दिसते ती काळजी, आणि तीच जास्त भिववते. द्वेष करणाऱ्याशी भांडता येतं. 'बाळा, तुला बरं करायचंय' म्हणणाऱ्याशी कसं भांडायचं? गोव्यातल्या कितीतरी घरांत हेच वाक्य जेवणाच्या टेबलावर बोललं जातं, त्याला मंत्री लागत नाही.

'ही सगळी पाश्चात्त्य थेरं, आपल्या मातीत असलं काही नव्हतं,' हा नेहमीचा आक्षेप. त्याला उत्तर द्यायला पेडण्यातली जत्रा पुरे. तुळशीचं लग्न झालं की दशावताराचा हंगाम सुरू होतो. देवळापुढे एक बाकडं, पेटी, मृदंग, झांज, बस्स. मध्यरात्रीनंतर राणी येते. नऊवारी, अंबाड्यावर आबोलीचा वळेसार, आवाज असा की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या पदर डोळ्यांना लावतात. पहाटे तोच माणूस नळावर खोबरेल तेल चोळून रंग उतरवताना मी पाहिलाय. गालावर खुंट, हातात चहाचा पेला, मग हेल्मेट घालून स्कूटरवरून घरी. राणीने कोणाच्या भावना दुखावल्या नाहीत, संस्कृती बुडाली नाही. सगळे स्त्रीपार्ट करणारे काही निराळे नसतात, तसं मला म्हणायचंही नाही. मुद्दा पाहणाऱ्यांचा आहे. पुरुषाने बाई होणं या तालुक्याला चालतं, अट एवढीच की सकाळी रंग उतरला पाहिजे. ज्याचा उतरत नाही त्याला मात्र गावात भाड्याने खोली मिळत नाही.

आणि विरोध करणाऱ्यांची एकजूट? म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला इथले हिंदू मिराबाय म्हणतात, सात बहिणींपैकी एक. डिचोलीतल्या शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, पेडण्यात मोरजीची मोरजाई या तिच्या बहिणी. फेस्ताला लईराईकडून तेल येतं आणि जत्रेला इथून मोगरीची फुलं जातात, अशी जुनी रीत. असाच सर्वधर्मसमभाव मी दिल्लीतल्या एका खटल्यात पाहिला. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ ची धार काढली तेव्हा सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली ती सुरेशकुमार कौशल या ज्योतिषाने, आणि त्याच्या बाजूला उभे राहिले मनुवादी मोर्चा, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड आणि चर्चेसची एक आघाडी. एरवी एका पंगतीला न बसणारे सगळे. ११ डिसेंबर २०१३ रोजी ते जिंकलेही.

कार्यकर्त्यांवर अशा विरोधाचा परिणाम काय होतो, हे पाहायला घाट चढून निपाणी-सांगलीकडे जावं लागतं. सांगलीत मीना शेषू यांची 'संग्राम' ही संस्था १९९२ पासून काम करते. तिच्यातूनच धंदा करणाऱ्या बायकांची स्वतःची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. नावात 'वेश्या' शब्द त्यांनी मुद्दाम ठेवला. एचआयव्हीची माहिती आणि कंडोम वाटणाऱ्या या बायकांना पोलिसांनी कसं छळलं, त्याची नोंद ह्यूमन राइट्स वॉचच्या २००२ च्या अहवालात आहे. निपाणीचा अनुभवही त्यात येतो. पुढच्याच वर्षी अमेरिकेने एड्सविरोधी मदतीला अट घातली: पैसा हवा तर वेश्याव्यवसायाला आपला विरोध आहे, असं लिहून द्या. म्हणजे ज्या बायकांसोबत काम करायचं त्यांच्याविरुद्धच सही करायची. 'संग्राम'ने सही केली नाही, पैसा सोडला. मे २००५ मध्ये एका अमेरिकन धार्मिक संघटनेच्या पुढाकाराने पोलिसांनी सांगलीच्या गोकुळनगरात छापा घातला. अर्थात 'सुटके'साठी.

अमेरिकेतल्या संस्थांपुरती ही अट तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये रद्द केली. बाहेरच्या देशांतल्या संस्थांना ती लागू राहील, असं २०२० मध्ये सांगितलं. आणि २० जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये दोन सह्या झाल्या. एक आदेश लिंगं दोनच असल्याचा, ज्याच्या शीर्षकातच स्त्रियांचं 'रक्षण' आहे. दुसरा परदेशी मदत थांबवण्याचा. काही आठवड्यांत हैदराबाद, कल्याण आणि पुण्यातली तृतीयपंथीयांसाठीची 'मित्र' क्लिनिक बंद पडली. संप्रेरकांचे उपचार, एचआयव्हीची तपासणी, समुपदेशन एका छपराखाली देणारी, तृतीयपंथीयांनीच चालवलेली ही केंद्रं. कल्याणच्या त्या दाराला कुलूप लावणाऱ्याने गोवा-महाराष्ट्र कधी पाहिलाही नसेल.

पैशाहून वाईट परिणाम फुटीचा. प्रतिष्ठा मिळायला लागली की जरा बऱ्या स्थितीतले लोक बाकीच्यांपासून अंग चोरतात. शिकलेला समलिंगी तरुण म्हणतो, आमचं प्रेम आहे, तो धंदा आहे. काही स्त्रीवादी म्हणतात, धंदा करणारी ही बळीच, तिला मत कसलं असणार? तृतीयपंथीयांपैकी कित्येकांचं पोट त्याच धंद्यावर आहे, त्यामुळे ते दोन्हीकडून बाहेर. २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती कायद्यात त्यांच्यावरील लैंगिक अत्याचाराला कमाल शिक्षा दोन वर्षं. बाईवरच्या बलात्काराला किमान दहा. विरोधकांना फार काही करावं लागत नाही, आपणच एकमेकांना रांगेतून ढकलतो.

आता जरा आपल्या वर्तमानपत्रांकडे. म्हापसा, कळंगुट, हणजूण या भागांतल्या बातम्यांचा एक ठरलेला साचा आहे: छापा, दलाल अटकेत, अमुक युवतींची सुटका. मी स्वतः असे मथळे लिहिले आहेत. सुटका झालेली युवती कुठे जाते, हे त्यात नसतं. ती संरक्षणगृहात जाते. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७ प्रमाणे दंडाधिकारी चौकशीनंतर तिला एक ते तीन वर्षं तिथे ठेवू शकतात. बळजबरीने आणलेल्या अल्पवयीन मुलीला अशा आसऱ्याची गरज असते, यात वाद नाही. पण तीस वर्षांची बाई, जिने आपण होऊन हे काम पत्करलंय, जिच्या गावाकडच्या पोराची फी या महिन्यात भरायचीय, तिलाही आपण त्याच शब्दात 'सोडवतो'. बुद्धदेव कर्मास्कर खटल्यात १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्वेच्छेने हे काम करणाऱ्या सज्ञान बाईला छाप्यात अटक, दंड वा त्रास होता कामा नये; मनाविरुद्ध गृहांत अडकलेल्या सज्ञान बायकांची पाहणी करून त्यांना सोडवावं; माध्यमांनी त्यांची ओळख उघड करू नये. तरी मथळ्याचा साचा तोच राहिला.

समलैंगिकता हा गुन्हा नाही, हा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा. एचआयव्हीबाधिताला वेगळं काढून ठेवणं हा भेदभाव आहे, असं सांगणारा केंद्राचा कायदा लागू झाला १० सप्टेंबर २०१८ रोजी, बरोबर चार दिवसांनी. डॉमिनिकला जाऊन तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती. १९५६ चा कायदा अजून लागू आहे, कलम १७ सकट.