मत्स्यजिऱ्यांचे दोन वैरी : पाणभुंगा आणि चतुराची अळी

तळ्यात मत्स्यजिरे सोडले आणि पंधरा-वीस दिवसांनी जाळे ओढले, तर मूठभरच पिल्ले हाती येतात. मग आपण बीज देणाऱ्याला बोल लावतो. कधी त्याचा दोष असतोही. पण आधी काठच्या गवतातले पाणी पांढऱ्या थाळीत घेऊन बघा. बहुधा दोन चोर सापडतील.

पहिला पाणभुंगा. काळपट, गुळगुळीत, मागचे पाय वल्ह्यासारखे. रात्री दिव्यावर येऊन आपटतो, त्यातलाच. त्याची अळी बापापेक्षा वरचढ! कोयत्यासारखे जबडे पिल्लात रुतवते, पाचक रस सोडते आणि विरघळलेले मांस शोषून घेते.

दुसरी चतुराची अळी. मातकट रंगाची, गाळात नाहीतर काडीला चिकटून गप्प बसलेली. तिचा खालचा ओठ तोंडाखाली घडी घातलेला असतो. पिल्लू टप्प्यात आले, की तो हातासारखा पुढे फेकते आणि धरते.

खाण्यात दोघे सारखेच. फरक आहे तो श्वासाचा, आणि उपायही त्यावरूनच ठरतो. पाणभुंगा व त्याची अळी हवेसाठी शेपटाकडून पृष्ठभागाला येतात. तिथे तेलाचा तवंग असला की गुदमरतात. हेक्टरी 56 किलो खाद्यतेल व 18 किलो साबण, म्हणजे गुंठ्याला साधारण 570 ग्रॅम तेल व 180 ग्रॅम साबण लागतो. साबण पाण्यात विरघळवा, त्यात तेल घोटा आणि जिरे सोडण्यापूर्वी 12 ते 24 तास आधी शिंपडा. वारा पडलेला पाहिजे, नाहीतर सगळा तवंग एका काठाला जातो आणि पैसे पाण्यात.

चतुराच्या अळीचे कल्ले मात्र पोटाच्या मागच्या टोकात, आतल्या बाजूला. पाण्यातलाच प्राणवायू ती घेते. वर तेल ओता की तूप, तिला काय त्याचे! तिच्यासाठी तळे आधी उन्हात कोरडे करा, काठचे गवत काढा, पाणी बारीक जाळीतून घ्या. भरलेले तळे जिऱ्यांची वाट बघत आठवडेच्या आठवडे ठेवू नका, चतुर तेवढ्यात अंडी घालून जातात. जिरे सोडण्याआधी बारीक जाळे दोन-तीनदा तळाशी घासून ओढा.

ही सारी खटपट संगोपन तळ्यापुरतीच. भातखाचरात हीच अळी डासांच्या अळ्या खाते, आणि मोठा झालेला चतुर उडते डास टिपतो. तिथे तिला हात लावू नका. ग्रामपंचायतीच्या गावतळ्यात मासे सोडायचे असतील, तर सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी जिरे न घेता चांगली मोठी बोटुकली मागावी. ती सहसा या दोघांच्या तावडीत सापडत नाही.