तिसऱ्या परिच्छेदाची ७५ वर्षे

१० ऑगस्ट २०२५ ला अनुसूचित जातींबाबतच्या राष्ट्रपतींच्या आदेशाला ७५ वर्षे झाली. हिंदूखेरीज दुसरा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा धरला जाणार नाही, असे १९५० च्या त्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात लिहिले गेले. दलित ख्रिस्ती हा दिवस काळा दिवस म्हणून पाळतात. त्या वर्षी तो नेमका रविवारी आला. तळेगावातल्या आमच्या उपासनेत त्याचा उच्चारही झाला नाही. बाहेरून आलेले प्रचारक आशीर्वादावर बोलले. आशीर्वाद म्हणजे फ्लॅट, गाडी आणि परदेशचा व्हिसा. स्वतःला नाकारण्याबद्दल अवाक्षर नाही.

ख्रिस्ती होण्याची किंमत म्हटली की मराठी वाचकाला रेव्हरंड टिळक आठवतात. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि भरला संसार काही वर्षे मोडून पडला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते सारे लिहून ठेवले, म्हणून आपल्याला कळले. नगर जिल्ह्यातल्या महार-मांग कुटुंबांनी काय सोसले ते फारसे कोणी लिहिले नाही. त्यांच्या वाट्याला एकच शेरा आला: दुष्काळात धान्यासाठी बाटले.

१९५० नंतरची चाळीस वर्षे अर्ज-विनंत्यांत गेली, ती थोडक्यात ओलांडतो. १९५६ साली शिखांना या अटीतून सवलत मिळाली. १९८५ साली मद्रासच्या सूसाई नावाच्या चर्मकाराचा खटला सर्वोच्च न्यायालयात फेटाळला गेला. रस्त्यावर चपला शिवणाऱ्या या माणसाला सरकारी टपरी हवी होती. ख्रिस्ती असल्यामुळे ती मिळाली नव्हती.

१९९० साली बौद्धांचाही समावेश झाला, आणि आमच्या घरची गोष्ट तिथून सुरू होते. आमचे चुलते देहूरोडला डेपोत होते, १९५६ पासून बौद्ध. बाबासाहेबांनी १९५४ साली, ऐन नाताळच्या दिवशी, तिथल्या विहारात बुद्धमूर्ती बसवली, हे ते अभिमानाने सांगत. बाबासाहेबांचा बंगला तळेगावात, त्यामुळे दोन्ही घरांत त्यांचा फोटो. १९९० ची बातमी आली तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, पेढे घेऊन लोकलने देहूरोडला गेले. आज ना उद्या आपलाही नंबर लागेल, असे त्यांना मनापासून वाटत होते.

दोन-तीन वर्षांत चुलतभाऊ केंद्र सरकारच्या नोकरीत लागला. माझ्या थोरल्या भावाचे मार्क जवळपास तेवढेच होते, तो राहिला. चुलते घरी आले. "अण्णा, पोराच्या दाखल्यावर हिंदू महार करून घे. चर्चला जायला कोण अडवतंय?" ते प्रेमाने सांगत होते, आणि आमच्याच मंडळीत निम्म्या लोकांनी तसे केलेले होते. चर्चच्या वहीत एक नाव, सर्व्हिस बुकात दुसरे. अण्णा म्हणाले, "खोटं लिहून प्रभुभोजनाला कोणत्या तोंडानं बसू?" भाऊ एमआयडीसीत ठेकेदाराकडे लागला. पुढे कितीतरी दिवस तो अण्णांशी बोलत नव्हता.

त्याचा राग मला आजही रास्त वाटतो. अण्णांनी त्याग स्वतः केला. भावाकडून तो सरकारने वसूल केला. माणसाने आपल्या विश्वासासाठी हवे ते सोडावे, पण विहिरीवरून आजोबांना हाकलणारी जात बाप्तिस्म्याने गळून पडली असे कायद्याने परस्पर ठरवू नये. आमच्या गावी ती गळली नव्हती.

त्या काळातल्या मंडळीच्या पंचांना मी माफ केलेले नाही. रविवारी वधस्तंभावर बोलायचे आणि सोमवारी मिशनच्या जमिनीसाठी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात एकमेकांविरुद्ध उभे राहायचे. अण्णांना उपासनेत साक्ष द्यायला पुढे बोलावत, टाळ्या पडत. १० ऑगस्टच्या आदेशाविरुद्धच्या निवेदनावर सही करायला मात्र एकही पंच आला नाही.

२००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढा म्हणून शिफारस केली. ती सरकारने स्वीकारली नाही. २०२२ साली याच प्रश्नावर न्या. बालकृष्णन आयोग नेमला, दोन वर्षांची मुदत संपली, आणखी एक वर्ष वाढले. दरम्यान नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका बाप्तिस्मा झालेल्या स्त्रीने हिंदू म्हणून मागितलेला जातीचा दाखला सर्वोच्च न्यायालयाने नाकारला. विश्वास नसताना केवळ सवलतीसाठी धर्म बदलणे ही राज्यघटनेची फसवणूक आहे, असे न्यायालयाने म्हटले. निकाल वाचून मला अण्णा आठवले. ज्यांनी फसवणूक केली नाही, त्यांना काय मिळाले?

२०२५ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनेही जबरदस्तीच्या धर्मांतराविरुद्ध कायद्यासाठी समिती नेमली. पैशासाठी धर्म बदलतात, हे स्टेशनच्या चहाच्या टपरीवर मी रोज ऐकतो. माझा भाऊ तिथेच चहा घेतो. निवृत्तीला आला तरी तो ठेकेदाराकडेच आहे, पेन्शन नाही. मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर त्यानेही ख्रिस्ती असेच लिहिले. आता ती स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरते आहे, आणि आजोबांच्या खरेपणाचे पैसे आपण किती पिढ्या भरायचे, असे तिने मला परवा सरळ विचारले.