परसातील वेधशाळा आणि हलते चित्र

विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत ग्रहांच्या छायाचित्रणात एक विलक्षण विसंगती नांदत होती. दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या निरीक्षकाला गुरूच्या बिंबावरील जे पट्टे, ज्या गाठी आणि जे तंतू दिसत, ते त्याच दुर्बिणीला जोडलेल्या कॅमेऱ्याच्या फिल्मवर उमटत नसत. कारण फिल्मला पुरेसा प्रकाश मिळावा म्हणून झडप सेकंद-दोन सेकंद उघडी ठेवावी लागे आणि तेवढ्या अवधीत उष्ण-शीत हवेच्या हेलकाव्यांनी बिंब अनेकवार थरथरून सगळा तपशील एकमेकांत मिसळून जाई. हवा क्षणभर स्थिर झाली की डोळा नेमका तोच क्षण टिपून घेई, आणि म्हणून ग्रहनिरीक्षणाचे दप्तर दीर्घकाळ पेन्सिलीच्या रेखाटनांनीच भरत राहिले. गेल्या पाव शतकात ही स्थिती पालटली, आणि त्याचे श्रेय मोठमोठ्या वेधशाळांपेक्षा घराच्या परसात दुर्बीण मांडून बसणाऱ्या हौशी मंडळींकडे अधिक जाते, असे माझे स्पष्ट मत आहे.

या पालटाचे गणित आधीच मांडले गेले होते. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड फ्रीड यांनी १९७८ सालच्या आपल्या निबंधात, अत्यल्प काळात टिपलेल्या चित्रांपैकी किती चित्रे दैवयोगाने निर्दोष निघतील, याची संभाव्यता काढून दाखविली होती. हवेचा जेवढा पट्टा एका वेळी एकजिनसी राहतो त्याच्या सातपट दुर्बिणीचा व्यास असेल, तर साधारण साडेतीनशे चित्रांत एक चांगले मिळते. तोच व्यास दहापट झाला, तर दहा लाखांत एक. याचा अर्थ असा की ही विद्या प्रचंड आरशांपेक्षा परसातल्या आठ-दहा इंची दुर्बिणीलाच अधिक धार्जिणी आहे. उणीव होती ती केवळ हजारो चित्रे झपाट्याने टिपणाऱ्या स्वस्त उपकरणाची.

ती उणीव भरून निघाली अगदी अनपेक्षित बाजूने. संगणकावर समोरासमोर गप्पा मारता याव्यात म्हणून फिलिप्स कंपनीने काढलेला टूकॅम प्रो नावाचा वेबकॅम या शतकाच्या आरंभी हौशी मंडळींच्या हाती आला. त्याची पुढची भिंग-नळी फिरवून काढायची, तिच्या जागी सव्वा इंची नळी बसवायची आणि नेत्रिकेच्या जागी तो दुर्बिणीत सरकवायचा, एवढाच काय तो खटाटोप. चित्र ६४० गुणिले ४८० बिंदूंचे. पण सेकंदाला अनेक चौकटी मिळत, आणि तेच महत्त्वाचे होते. २००२ साली नेदरलँड्सच्या कॉर बेरेव्होएट्स यांनी रेजिस्टॅक्स ही आज्ञावली विनामूल्य खुली केली. चित्रफितीतील चौकटींची प्रतवारी लावणे, निवडक चौकटी एकमेकींवर तंतोतंत बसविणे आणि त्यांची सरासरी काढणे ही तिची कामे. शंभर चौकटींच्या सरासरीत चित्रातील रवाळपणा दशांशावर येतो, आणि मग त्यातून बारीक तपशील धारदार करून काढता येतो.

नवख्याने पहिल्या रात्री काय पाहावे, हेही सांगितले पाहिजे. पडद्यावर गुरूचे बिंब उकळत्या पाण्याच्या तळाशी ठेवलेल्या नाण्यासारखे डुचमळत असते. कडा फुगतात, आत येतात. आणि मध्येच, पापणी लवावी इतक्या वेळात, विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंचे पट्टे रेखीव होऊन पुन्हा विरघळतात. आपल्याला हवे असते ते त्याच क्षणाचे चित्र. त्यासाठी दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवून आरसा हवेच्या तापमानावर येऊ द्यावा. दिवसभर तापलेल्या सिमेंटच्या गच्चीपेक्षा गवताचे परस पत्करावे. शोधक दुर्बीण मुख्य दुर्बिणीशी काटेकोर जुळवून घ्यावी, कारण नखाएवढ्या संवेदकावर ग्रह आणणे हीच आरंभीची खरी परीक्षा. आणि चित्रफीत दोन-तीन मिनिटांपलीकडे लांबवू नये, कारण पावणेदहा तासांहून थोड्याच अधिक वेळात स्वतःभोवती फिरणारा गुरू तेवढ्या अवधीतही जागचा हललेला असतो.

या पद्धतीची खरी किंमत १९ जुलै २००९ रोजी जगाला कळली. ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळील मरमबेटमन गावी अँथनी वेस्ली हे व्यवसायाने संगणक-प्रोग्रामर असलेले गृहस्थ आपल्या साडेचौदा इंची दुर्बिणीतून गुरूची चित्रफीत घेत होते. मध्यरात्रीच्या सुमारास काम आवरून घरात गोल्फ आणि क्रिकेट पाहत बसावे, असे त्यांच्या मनात येऊन गेले. पण त्यांनी केवळ थोडी विश्रांती घेतली आणि ते परत दुर्बिणीपाशी आले, तो गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ एक काळा डाग. उपग्रहाची सावली म्हणावी, तर त्याची जागा आणि चाल दोन्ही जुळेनात. त्यांनी रीतसर वर्दी दिली; हवाई बेटावरील नासाच्या अवरक्त दुर्बिणीने तो आघात असल्याची खात्री केली आणि २३ जुलैला हबल दुर्बीण तिकडे वळविण्यात आली. पुढल्याच वर्षी, ३ जून २०१० रोजी, वेस्ली यांच्या चित्रफितीत गुरूवर सुमारे दोन सेकंदांची ठिणगी उमटली आणि फिलिपाइन्समधील सेबू येथे क्रिस्टोफर गो यांच्या चित्रफितीतही तीच ठिणगी त्याच क्षणी सापडली. संवेदकातील दोषाचा संशय या दुसऱ्या साक्षीने कायमचा निकालात निघाला. १३ सप्टेंबर २०२१ रोजी ब्राझीलच्या जोसे लुईस परेरा यांना अशीच ठिणगी आढळली. एकच चित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्याला असा दोन सेकंदांचा प्रकार सापडणे जवळजवळ अशक्य. सतत चालू राहणाऱ्या चित्रफितीला मात्र तो सापडतो.

महाराष्ट्रातील निरीक्षकांना गेल्या काही वर्षांत निसर्गाने झुकते माप दिले आहे. ७ डिसेंबर २०२४ आणि १० जानेवारी २०२६ या दोन्ही प्रतियुती ऐन हिवाळ्यात, पावसाळी ढग ओसरल्यावर आल्या, आणि त्या वेळी गुरू आपल्या जवळजवळ माथ्यावरून, म्हणजे हवेच्या सर्वांत पातळ थरातून, दिसत होता. अशा चित्रफिती ज्यांनी घेतल्या आहेत वा पुढे घेतील, त्यांना माझी एक विनंती आहे. सुंदर चित्र हाती आले की जागा मोकळी करण्यासाठी मूळ फीत पुसून टाकण्याची सवय सर्रास आढळते, ती सोडावी. फ्रान्सच्या मार्क डेलक्रुआ यांची डिटेक्ट ही आज्ञावली विनामूल्य मिळते, आणि ती चित्रफितीतील आघाताच्या ठिणग्या धुंडाळते. तिच्याकडून तपासून घेतल्याखेरीज कोणतीही मूळ फीत नष्ट करू नये.